कोरं शटर

भगवंतरावांनी गिल्या वड्याचा पहिला घास तोंडात घातला आणि त्यांचे वडील बोलू लागले. वडिलांना जाऊन चव्वेचाळीस वर्षं झालेली, त्यामुळे प्रकार जरा बिकटच होता. शिवाय जागा अमरावतीची, इतवारा बाजारामागच्या एका गल्लीच्या तोंडाशी लागलेली वड्यांची गाडी, वेळ सकाळी साडेदहाची. या वेळेला भुतंसुद्धा आंघोळी आटोपत असतील. पण आवाज वडिलांचाच. तोच घोगरा, नाकात जरासा अडकून मग एकदम छातीतून सुटणारा, वाक्याच्या शेवटच्या शब्दाला हिसका देऊन वर फेकणारा. ‘ऐका हो ऐका, अमरावतीकर!’ भगवंतरावांच्या हातातला द्रोण कलला, चटणी विजारीवर सांडली, आणि एकाहत्तर वर्षांचा तो माणूस आपसूक खाली वाकला. चटणी पुसायचं त्यांच्या मनातही आलं नाही. ते तोंड लपवत होते.

साठेक वर्षांपूर्वी अकोल्यात टांग्याच्या मागच्या बाकड्यावर ते असेच वाकून बसत. पुढे बाबा उभे, हातात पत्र्याचा कर्णा, टांग्याच्या दोन्ही बाजूंना सिनेमाची चित्रं बांधलेली, आणि मांडीवर गुलाबी कागदांचा गठ्ठा घेऊन भगवंत. कागद उधळायचे काम त्याचं. टांगा शाळेवरून जायचा तेव्हा तो बाकड्याखाली शिरून तिथूनच कागद फेकायचा, म्हणजे लोकांना वाटे टांग्यालाच पिसं गळण्याचा रोग झाला आहे. आणि बाबा? बाबा खोटं बोलायचे. साधंसुधं नाही, चांगलं हात-दोन हात लांब. ‘या खेळात वाघ खराखुरा हाय! पुढच्या बाकावर बसनाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर बसावं! काल बाळापूरच्या एका गृहस्थाची टोपी वाघानं पडद्यातून हात काढून नेली, टोपी अजून भेटली नाई!’ आणि लोक यायचे. टोपी काढून खिशात घालून पुढच्या बाकावर बसायचे. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरं भगवंताच्या कानाशी हाताचा कर्णा करून ओरडायची. त्या दिवसांत त्यानं मनाशी ठरवून टाकलं, की मोठेपणी असं काम करायचं ज्याचा आवाज होत नाही. आणि खरोखर, पोस्टाच्या छाटणीत एकतीस वर्षं काढली त्यांनी. पत्र उचलायचं, पत्ता वाचायचा, खणात टाकायचं. पत्ता बरोबर असला तर पत्र जिवंत, नाही तर मेलं. आणि मेलेल्या पत्रांचासुद्धा आवाज होत नाही.

भोंगा जवळ आला. रिक्षा होती, टपावर दोन करडे कर्णे. ‘अकोल्याहून आली हाय अशी खाट, जिचा दांडा फिरोला का निजलेला म्हातारा उठून बसते, अन् सुनेले सांगते, चहात साखर कमी पडली! मूर्तिजापुरात एक बाबा तीन महिने खाटेवर होता. खाट परत नेली, तं बाबा खाटेमागं चालत अकोल्यापावतर आला! पैसा नाई, ओळख नाई, चिठ्ठी नाई! एकच अट. बरं झाल्यावर खाट वापस करा लागते, अन् आमच्या अध्यक्षाचं थोबाड पाहा लागते!’ गाडीवाला खो खो हसला. शेजारी वडा खाणारा एक जण म्हणाला, ‘कोन हाय बे हा? एक नंबर फेकते.’ आणि मग कुठे भगवंतरावांच्या पायापासून डोक्यापर्यंत एक मुंगी चढत गेली. ते थोबाड त्यांचं होतं. आवाजही त्यांचाच होता.

माणूस आपला आवाज आतून ऐकत असतो, हाडांतून. बाहेरून ऐकला की तो परक्याचा वाटतो, एवढं त्यांना ठाऊक होतं. पण परक्याचा वाटावा ना. बाबांचा का वाटावा? हे शब्द ते बोलले होते, महिन्यापूर्वी, अकोल्यात, संस्थेच्या जठारपेठेतल्या बैठकीत, आणि बोलले होते चिडून. एकोणीस वर्षांपूर्वी दोन वॉकर आणि एक चाकाची खुर्ची यांच्यावर त्यांनी ही संस्था काढली. आजाऱ्याला घरी लागणाऱ्या वस्तू फुकट वापरायला द्यायच्या, काम झालं की परत घ्यायच्या. दांड्यानं वरखाली होणाऱ्या लोखंडी खाटा, हवेच्या गाद्या, कुबड्या, ऑक्सिजनची यंत्रं. संस्थेला नाव होतं, पण ते फक्त कागदोपत्री. जठारपेठेतल्या खोलीवर पाटी नाही, खाटांवर नाव नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. कुणी पैसे दिले की भगवंतराव सांगत, ‘याची खाटच येईल. दुसरं काई नाई येनार.’ देणाऱ्याचं, नाही तर तो सांगेल त्याचं नाव ते स्वतः खाटेच्या फळीच्या खालच्या अंगाला लिहीत, बारीक अक्षरात, जिथे खाटेखाली झोपल्याशिवाय कुणाला ते वाचता येणार नाही. हा नियम सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं, की ऐकणारा ओशाळून आणखी पैसे द्यायचा.

बार्शीटाकळीच्या गोदाबाईंनी असेच दिले होते. नवरा, खुशालराव, संस्थेच्याच खाटेवर दोन वर्षं होते. ते गेल्यावर बाईंनी ती खाट धुवून, तिच्या दांड्याला नारळ बांधून परत पाठवली आणि महिन्याभरानं स्वतः आल्या. कापसाचे पैसे पिशवीत होते. ‘भाऊ, याची खाटच घ्याल ना? चहापान्यात नाई ना जानार?’ भगवंतराव म्हणाले होते, ‘बाई, चहा मी घरून पिऊन येतो.’ तो शब्द त्यांना बैठकीत घशात काट्यासारखा टोचत होता. कारण वर्षापूर्वी अमरावतीत दुसरं गोदाम उघडलं होतं आणि तिथलं काम पाहणारी प्राजक्ता, फिजिओथेरपी करणारी, तिशीतली, नाकावरचा चष्मा सारखा वर ढकलणारी मुलगी, बैठकीत म्हणत होती, ‘काका, एकतीस खाटा पडून हायेत तिथं. वर्षात चार गेल्या. पंधरा दिवस भोंगा फिरवू, रिक्षांमागं कागद लावू, शटरवर बोर्ड करू. तीन खाटांचे पैसे लागतील.’

‘म्हनजे तीन खाटा भोंग्यात घालाच्या.’

‘तीन घातल्या तर एकतीस निघतील.’

‘अकोल्यात का भोंगा लावला होता आपन?’

‘अकोल्यात तुमी होते ना, काका,’ प्राजक्ता म्हणाली. ‘पोस्टातून घरी जाईपर्यंत चाळीस लोकांले गोठी सांगत जात होते. तो भोंगाच झाला. अमरावतीत तुमाले ओळखते कोन?’

सगळे हसले. मग भगवंतरावांचं डोकं फिरलं. ते उठून उभे राहिले, हाताचा कर्णा केला आणि म्हणाले, ‘असं पायजे तुमाले? घ्या मग!’ आणि सुरू झाले. चहात साखर कमी, मूर्तिजापूरचा बाबा, थोबाड, सगळं. चेष्टा म्हणून. त्यांना वाटलं होतं, हे ऐकून लोकांना लाज वाटेल. लोकांनी टाळ्या दिल्या, आणि मतं पडली चार विरुद्ध तीन, भोंग्याच्या बाजूनं. प्राजक्ताच्या हातातला मोबाइल तेव्हा टेबलावर उताणा पडलेला होता, हे त्यांनी पाहिलं होतं; पण मोबाइल उताणा पडला की ऐकतो, हे त्यांच्या ध्यानात यायला आजचा दिवस उजाडावा लागला. बैठकीनंतर त्यांनी घरी जाऊन राजीनामा लिहिला. चार वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात राग होता, दुसऱ्यात गोदाबाई होत्या, तिसऱ्यात बाबा आले म्हणून तो फाडला, आणि चौथा सुबक होता, ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. तोच आता सदऱ्याच्या खिशात होता. प्राजक्ता साडेअकराला गोदामावर येणार होती. तिच्या हातात पाकीट आणि आपल्याजवळची किल्ली ठेवायची आणि दुपारच्या गाडीनं परत. एकोणीस वर्षं त्या दोन वस्तूंत मावत होती, आणि सकाळपासून, बडनेरा येईपर्यंत, त्यांनी पाकीट नऊ वेळा चाचपून पाहिलं होतं, जणू ते पडून हरवलं तर बरं.

रिक्षा पुढे गेली. आवाज गल्लीतून वळून भिंतींवर आपटत, लहान होत गेला, आणि त्या लहान होत जाणाऱ्या आवाजात भगवंतरावांना एक जुनी गोष्ट ऐकू आली, जी ते कुणालाही सांगत नसत. आणि ते तर बाभळीच्या झाडाचीसुद्धा गोष्ट करून सांगणारे. बाबांचा आवाज शेवटी गेला होता. घशाचं दुखणं. आठ महिने चटईवर पडून होते, खोली अंधारी, उशाशी तो पत्र्याचा कर्णा. सबंध अकोल्याला हाका मारणाऱ्या माणसाला आईला पाणी मागता येईना. मग ते चमच्यानं कर्ण्यावर ठोकायचे. टण्. टण्. आई स्वयंपाकघरातून यायची. एकदा भगवंत घरी असताना तो ठोका आला आणि तो हातातलं पुस्तक संपेपर्यंत उठला नाही. दोन पानं उरली होती. इतकंच. तेव्हापासून त्यांना कुठेही पत्र्यावर काही आपटलं की दोन पानं आठवतात.

‘ओ भाईसाब, वो खाटवाला किधर गया?’

भगवंतराव दचकले. समोर पन्नाशीची एक बाई, डोक्यावरून ओढणी घसरलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला. धावत आली होती. ‘आखरी में क्या बोला वो? नीला शटर बोला क्या?’

शेवटी प्राजक्ताच्या आवाजात पत्ता होता. भगवंतरावांनी तो ऐकलाच नव्हता. ते वाकलेले होते. वडेवाला म्हणाला, ‘हो ना, हलीमाबी, पाण्याच्या टाकीपाशी नीला शटर. तुमच्या घरासमोरचंच तं हाय.’

‘वो?’ हलीमाबी म्हणाली. ‘वो तो किसी का फर्नीचर का गोदाम है ना? साल भर से बंद पड़ा है. ऊपर कुछ लिखा नै, कुछ नै. मैं समझी कोई सेठ का होगा.’ तिनं श्वास घेतला. ‘हमारे ये चौदा महीने से जमीन पे हैं. लकवा मार गया. पीठ में जखम हो गए भाऊ. करवट देती मैं तो मेरी कमर जाती. नीला शटर? सच्ची?’

आता इथे गोष्टीवेल्हाळ माणूस असता तर म्हणाला असता, की भगवंतरावांच्या पायाखालची जमीन दुभंगली. तसं काही झालं नाही. जमीन होती तिथेच होती, तिच्यावर चटणी सांडलेली होती आणि एक माशी तिच्यावर बसत होती. त्यांना फक्त मोजता येत होतं. गोदाम बारा महिन्यांपूर्वी उघडलं. शटर निळं रंगवून घेताना रंगाऱ्यानं विचारलं होतं, नाव काय टाकू? आणि भगवंतराव मान ताठ करून म्हणाले होते, काई नाई टाकाचं. काय थाट होता त्या ‘काई नाई’चा! पत्त्यावर एकतीस वर्षं पोट भरलेल्या माणसानं स्वतःच्या दारावर पत्ता ठेवला नव्हता. नाव नको, नाव नको म्हणता म्हणता आतल्या आत ते आपलंच नाव रोज फडक्यानं पुसत होते, भांड्यासारखं, लखलखीत. आणि पंधरा पावलांवर एक माणूस जमिनीवर पडून होता. दोन पानं उरली होती. ती वाचून झाल्यावर उठणार होते.

‘चला,’ ते म्हणाले. आवाज फुटला तो कुणाचा, हे त्यांनी पाहिलं नाही.

गोदामात अंधार, प्लॅस्टिकच्या झाकणांवर वर्षाची धूळ. भगवंतरावांनी दाराजवळची खाट उघडी केली. खाट लोखंडी, त्यांना आणि मागोमाग आलेल्या वडेवाल्याला उचलेना. तेवढ्यात गल्लीच्या त्या तोंडानं भोंग्याची रिक्षा फिरून आली. वडेवाल्यानं हात करून ती थांबवली, ‘ये ना बे, लाव हात!’ आणि चालक उतरला, पण घाईत भोंगा बंद करायला विसरला. मग असं झालं, की वडेवाला आणि रिक्षावाला पुढे, भगवंतराव मागे, अशी खाट गल्लीतून निघाली आणि टपावरून भगवंतरावच ओरडत होते: ‘पैसा नाई, ओळख नाई, चिठ्ठी नाई!’ दारोदारी बाया उभ्या. एक म्हातारा ओट्यावरून म्हणाला, ‘आमच्याकडं वॉकर भेटन का हो?’ ‘भेटन,’ भगवंतराव धापा टाकत म्हणाले. ‘अन् हवेची गादी?’ दुसरीकडून. ‘भेटन, बाई, भेटन. पहिले रस्ता द्या.’ ‘थोबाड पाहा लागते म्हंते ना तो? कुठी हाय थोबाड?’ ‘हे काय,’ ते म्हणाले, ‘मांगं लटकून रायलं.’

खोली लहान. जमिनीवर गोधडी, गोधडीवर अब्दुल रहीम, साठीचा, दाढी पांढरी, चेहऱ्याची उजवी बाजू थोडी ओघळलेली, डोळे मात्र कारकुनासारखे चौकस. खाट त्यांच्या शेजारी टेकली, तेव्हा त्यांनी मान वळवली आणि खालच्या अंगाकडे पाहत राहिले. मग जड जिभेनं, एकेक अक्षर जोडत वाचलं. ‘खु-शाल-राव. बार्शीटाकळी.’ थांबले. ‘ये कौन?’

 एकोणीस वर्षांत फळीखालचं नाव कुणी वाचेल असं भगवंतरावांना कधी वाटलं नव्हतं. ‘ज्यांच्या नावानं हे खाट हाय, ते,’ ते म्हणाले. ‘वारले.’

‘तो नीचे कायको लिखा?’ अब्दुल रहीम म्हणाले. ‘आदमी का नाम, और चोर के माफिक छुपा के? अक्षर भी कच्चा है. ख का पेट देखो.’

‘छत्तीस साल दुकानों के बोर्ड लिखे इन्होंने,’ हलीमाबी ओशाळून म्हणाली. ‘किसी का भी अक्षर देखे तो बोलतेच.’

चौघांनी गोधडीसकट त्यांना उचललं. हलीमाबीनं पाठीखाली हात घातला तेव्हा त्यांनी ओठ आवळले, पण ओरडले नाहीत. खाटेवर आले आणि खाट डुगडुगली. फरशी एका कोपऱ्यात खचलेली होती. डावा पाय अधांतरी. वडेवाला वीट शोधायला निघाला, हलीमाबी फडकं. भगवंतरावांनी खिशात हात घातला. पाकीट चांगलं जाड होतं. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ लिहायला त्यांनी मजबूत कागद वापरला होता. त्यांनी ते एकदा दुमडलं, दोनदा दुमडलं, आठपदरी केलं, गुडघ्यावर बसून खाटेच्या पायाखाली सरकवलं आणि तळहातानं ठोकलं. खाट थांबली. ‘बसलं,’ ते म्हणाले. गुडघ्यावरून उठायला त्यांना रिक्षावाल्याचा हात लागला.

मग दांडा. दांडा फिरवायचा मान ते कुणाला देत नसत. सावकाश फिरवला, एक, दोन, तीन. पाठीकडची फळी वर येत गेली आणि अब्दुल रहीम चौदा महिन्यांनी कुणाच्याही हाताविना उठून बसले. खिडकी त्यांच्या डोळ्यांसमोर आली. बाहेर ऊन होतं, पाण्याची टाकी होती, टाकीवर कावळा होता, आणि बरोब्बर समोर उघडं टाकलेलं गोदाम, अर्ध्यावर ओढलेलं निळं शटर. ते बराच वेळ बघत राहिले. हलीमाबी चहाला लागली. भगवंतरावांना वाटलं, हा माणूस आता रडेल, आणि आपल्यालाही रडावं लागेल. विजारीवर चटणी असताना ते बरं दिसणार नाही.

‘इतना बड़ा शटर,’ अब्दुल रहीम म्हणाले, ‘और कोरा?’

वडेवाल्यानं खिडकीतून वाकून शटर पाहिलं.

‘नीले पे पीला मत डालना. सफेद डालना. दूर से दिखता.’ त्यांचा डावा हात चादरीवर सरकू लागला, बोटं ताणून, वितीनं अंतर घेत. एक वीत, दोन विती, मध्ये दोन बोटं मोकळी. ‘ऊपर बड़ा, खाट. उसके नीचे फुकट. नाम-गाम कोने में. कोई लड़का लिखेगा, मैं यहाँ से बोलूँगा.’ मग हलीमाबीकडे वळून, ‘अगे, शक्कर कम है चाय में.’

वडेवाला आधी हसला. मग रिक्षावाला. हलीमाबीनं तोंडाला ओढणी लावली. भगवंतराव हसले नाहीत. त्यांना त्या क्षणी बाळापूरच्या गृहस्थाची टोपी आठवत होती, आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की कदाचित ती खरंच गेली असेल.

दारात प्राजक्ता उभी होती. गोदाम उघडं पाहून इकडे आली असावी. चष्मा वर ढकलून ती खाटेकडे, मग भगवंतरावांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर अपराधाचा जो भाव होता तो पोस्टातल्या माणसाला दुरून वाचता आला. ‘काका, मी तुमाले न विचारता तुमचा आवाज…’

‘ते राहू दे.’ त्यांनी तिच्या हातात किल्ली ठेवली, मग काही आठवून परत घेतली. ‘तुझी तुझ्यापाशी हायच. हे मले लागन.’ बार्शीटाकळीला जावं लागणार होतं, रविवारी. गोदाबाईंना सांगावं लागणार होतं, की तुमच्या माणसाची खाट वर्षभर प्लॅस्टिकखाली उभी होती. आणि तुमच्या पुढच्या पैशातले काही भोंग्यात जातील, चालेल का, आणि नाही म्हटलं तर नाही. त्या काय म्हणतील ते त्यांना खरोखर माहीत नव्हतं. शब्द दिला होता. पण खुशालरावांचं नाव एका माणसानं आज मोठ्यानं वाचलं, आणि अक्षराला नावं ठेवली, हेही सांगता येणार होतं. गोदाबाई हसतील त्याला. खुशालरावांचा ख खरंच ढेरपोट्या होता.

बाहेर रिक्षा पुन्हा सुरू झाली. ‘ऐका हो ऐका!’ बाबांचा आवाज गल्लीतून निघाला, टाकीला वळसा घालून मोठ्या रस्त्याकडे. भगवंतराव दारात येऊन उभे राहिले. पाठ ताठ, मान वर. आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत ते तसेच उभे होते.

‘त्यात एक सुधरव,’ ते प्राजक्ताला म्हणाले.

‘काय, काका? थोबाडवालं काढू?’

‘ते राहू दे. पन मूर्तिजापूरचा बाबा अकोल्यापावतर आला म्हनलं ना म्या? ते कमी पडते.’ त्यांनी हाताचा कर्णा केला, क्षणभर तसाच धरला. ‘शेगावपावतर गेला म्हना.’